राजवाडे पाहिले, पेठ मात्र राहिली

संघाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्याव्यात, असा आग्रह यंदा चिटणीसांनी आमच्याकडे धरला. आम्ही पडलो ठोक धान्याचे व्यापारी. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि लेखणीचा सराव तो काय वहीपुरता. तथापि गेल्या हिवाळ्यापासून एक विषय आमच्या मनास सलत आहे. तो सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्याची ही संधी आहे असे समजून हे धाडस करीत आहो.

गेल्या पौषात आमचे सोलापूरचे व्याही व विहीणबाई एका यात्रामंडळीबरोबर इकडे आले होते. ‘ऐतिहासिक नगरे व राजवाडे’ असे त्या सहलीचे नाव होते. आग्रा, ग्वाल्हेर, दतिया व ओरछा ही चार ठिकाणे वाटाड्यासह पाचच दिवसांत दाखविण्याची व्यवस्था होती. त्यांपैकी ग्वाल्हेरच्या वाट्यास एक दिवस आला होता. व्याह्यांच्या आग्रहावरून त्या एका दिवसापुरते आम्हीही मंडळींत सामील झालो. स्वतःच्याच गावी पाहुणे होण्याचा हा योग आम्हांस उतारवयात आला!

प्रथम जयविलास राजवाडा झाला. महाराज जयाजीराव शिंदे यांनी मायकेल फिलोज याजकडून बांधविलेला हा वाडा १८७४ साली पुरा झाला. दरबार दिवाणखान्यातील दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची असून, छताची मजबुती अजमाविण्यासाठी आधी त्यावर हत्ती चढविले होते असे सांगतात. जेवणाच्या मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी पाहून तर लहानथोर सर्वांनीच माना डोलाविल्या. आम्हीही डोलाविली, त्यात खोटे सांगण्यासारखे काही नाही. वाटाड्या तरुण होता, नम्र होता, त्याची वाणीही गोड होती. झुंबरांचे वजन, हत्तींची गोष्ट व आगगाडी ही तीन प्रकरणे त्याने अशी रंगवून सांगितली की कोणासही कंटाळा आला नाही.

नंतर मोटारी उरवाईच्या वाटेने किल्ल्यावर निघाल्या. वळणावर दोन्ही बाजूंच्या कड्यांत कोरलेल्या तीर्थंकरांच्या उत्तुंग प्रतिमा दिसताच आमच्या विहीणबाईंनी हात जोडले. गाड्या तेथे जेमतेम दहा मिनिटे थांबल्या. “ह्या मूर्ती बाबराने फोडल्या,” एवढे सांगून वाटाड्या घड्याळ पाहू लागला. तेव्हा विहीणबाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, “व्याहीबुवा, फोडल्या कोणी ते कळले. पण करविल्या कोणी हो?”

वाचकहो, आम्ही निरुत्तर झालो. ज्या लष्करात आमचा जन्म झाला, ज्या डोंगराकडे तोंड करून आम्ही साठ वर्षे नमस्कार केला, त्या डोंगराविषयीच्या इतक्या साध्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. वाटाड्यास दोष देऊन आम्हांस मोकळे होता आले असते. पण तो पोटार्थी मुलगा. त्यास जेवढे कोणी शिकविले तेवढेच तो सांगणार. आम्ही त्याला काय शिकविले होते?

त्या दिवसापासून आम्ही जाणत्यांस विचारून व मिळाले ते ग्रंथ चाळून थोडी माहिती जमविली. ह्या प्रतिमा मुख्यतः पंधराव्या शतकात, तोमर राजे डुंगरसिंह व त्यांचे पुत्र कीर्तिसिंह यांच्या अमदानीत कोरल्या गेल्या. राजे स्वतः जैन नव्हते. परंतु त्यांनी आपल्या किल्ल्याचा कडा श्रावकांच्या श्रद्धेसाठी मोकळा करून दिला. खर्च केला तो गावोगावच्या श्रेष्ठींनी. त्याच काळी ग्वाल्हेरीस राहून अपभ्रंश भाषेत काव्यरचना करणारा रइधू कवी आदिनाथांची प्रतिमा करविणाऱ्या कमलसिंह नामक संघपतीचा उल्लेख करतो. उरवाईतील आदिनाथांची उभी प्रतिमा सुमारे ५७ फूट उंच आहे. किल्ल्याच्या दुसऱ्या अंगास गोपाचलावर पद्मासनस्थ पार्श्वनाथ आहेत, ते ४२ फूट. १५२८ साली बाबर येथे आला. मानसिंह तोमराचे महाल पाहून त्याने त्यांची वाखाणणी केली, आणि उरवाईच्या प्रतिमा पाहून त्या भंगण्याचा हुकूम दिला. दोन्ही गोष्टी त्याने स्वतःच लिहून ठेवल्या आहेत. पुढे काही प्रतिमांची मुखे जैनांनी चुन्यात घडवून पुन्हा बसविली. म्हणजे करविणारे आमचे, आणि भंगल्यावर जोडणारेही आमचेच. आणि हे ठाऊक नसणारेही आम्हीच!

एका प्रश्नाने आमचे डोळे उघडले, तेव्हा त्या सहलीत आणखी काय राहिले याचा आम्ही ताळा करू लागलो. किल्ल्याच्या पूर्वेकडील पायवाटेवर चतुर्भुजाचे एका खडकात कोरलेले लहानसे मंदिर आहे. मोटारी पश्चिमेकडून चढतात, म्हणून ते कोणास दिसत नाही. तेथे ८७६ सालचा एक शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन दिली आणि रोज ५० माळा मिळाव्यात, असा त्यात हिशेब आहे. त्या २७० मधील व ५० मधील शून्य हे आजच्या शून्यासारखेच वाटोळे कोरलेले असून, जगातील अतिप्राचीन शून्यांत त्याची गणना होते. विद्वान लोक ते पाहावयास सातासमुद्रांपलीकडून येतात. आम्ही वहीत रोज शेकडो शून्ये मांडणारे, ते कधी पाहावयास गेलो नव्हतो. विशेष हे की, ते शून्य एखाद्या पंडिताच्या पोथीत नसून देवळाच्या जमाखर्चात आहे. व्यापाऱ्याच्या मुलास याहून अभिमानाची गोष्ट ती कोणती?

महाराज बाड्यावरून मोटारी गेल्या, पण कोणी उतरले नाही. तेथून चार पावलांवर सराफा बाजार आहे. १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई व तात्या टोपे यांच्या फौजेने ग्वाल्हेर घेतले, त्या वेळी संस्थानच्या खजिन्यावर अमरचंद बांठिया हे बिकानेरकडून आलेले जैन गृहस्थ होते. त्यांनी खजिना क्रांतिकारकांस मोकळा करून दिला. राणी रणात पडल्यावर थोड्याच दिवसांत, २२ जून रोजी, ह्याच सराफ्यात कडुनिंबाच्या झाडास त्यांना फाशी देण्यात आले. राणीची फूलबागेतील समाधी सहलीच्या यादीत होती, हे योग्यच झाले. पण ज्याने तिच्या शिपायांच्या पोटाची सोय केली आणि तिच्यामागोमाग मरण पत्करले, त्याच्या जागेपाशी गाडीचा वेगदेखील कमी झाला नाही.

आणि खुद्द लष्कर शहर? १८१० साली दौलतराव शिंद्यांनी येथे छावणी टाकली. छावणीचे तंबू गेले, घरे आली. नाव मात्र ‘लष्कर’ हेच राहिले. सैन्य पोटावर चालते असे म्हणतात. मग ते पोट भरणारे कोण? इतिहासात त्यांना ‘बाजारबुणगे’ असे तुच्छतेने म्हटलेले आढळते. आमचे पूर्वज दख्खनेतून फौजेच्या मागोमाग धान्याच्या गोण्या घेऊन आलेले असे बाजारबुणगेच होते, आणि ते सांगण्यास आम्हांस मुळीच संकोच वाटत नाही. दौलतगंज, सराफा, दाल बाजार ह्या पेठा तंबूंच्या रांगांतून उभ्या राहिल्या त्या त्यांच्या घामावर. पुढे १९०५ साली माधवराव महाराजांनी ग्वाल्हेरचा मेळा सुरू केला, तोही गुरांच्या व मालाच्या खरेदीविक्रीसाठीच. राजाचा वाडा आणि वाण्याची पेठ ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत. सहलीत एकच पारडे दाखविले जाते.

येथवर लिहिले ते दुसऱ्यांविषयी. आता स्वतःविषयी लिहिल्यावाचून हा जमाखर्च पुरा होणार नाही. १९९४ साली आम्ही जुने दुकान पाडून नवे बांधले. दर्शनी भागास ग्वाल्हेरी दगडाची कोरीव जाळी होती. ती फोडून तेथे लोखंडी शटर बसविले. माळ्यावर पणजोबांच्या काळापासूनच्या मोडी लिपीतील वह्यांची गाठोडी होती. घरात मोडी कोणास वाचता येईना, वाळवीची भीती वाटे, म्हणून ती सर्व गाठोडी आम्ही रद्दीवाल्यास किलोच्या भावाने तोलून दिली. आलेल्या पैशांत मजुरांचा चहा झाला.

आमचे आजोबा सांगत असत की, संवत १९५६ च्या दुष्काळात, ज्याला इकडे ‘छप्पनिया’ म्हणतात, पणजोबांनी खेड्यांतील कुळांची धान्याची उधारी वहीत आडवी रेघ मारून सोडून दिली होती. ते पान आजोबांनी आम्हांस लहानपणी दाखविलेही होते. आज आम्ही ही हकीकत नातवंडांस सांगतो, तेव्हा धाकटा नातू विचारतो, “आजोबा, ती वही कुठे आहे?” वही असती तर तो पुरावा होता. वही नाही म्हणून ती आता केवळ आमच्या तोंडची बढाई झाली. धंद्यात जे वहीत नाही ते नाही, हा नियम आम्हीच मुलांस शिकविला. आता तो आमच्यावरच उलटला आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, सहलींवर रुसण्यात अर्थ नाही. यांत काही आक्षेप निघतील, त्यांचा विचार करू. कोणी म्हणेल, परगावच्या माणसास एकच दिवस असतो. त्याने राजवाडा सोडून दाल बाजारात का यावे? हे खरे आहे. राजवाडे पाहू नयेत असे आम्ही म्हणत नाही; त्यांत कारागिरांचे हुन्नर आहेत, आणि ते जतन होतात ते पाहणाऱ्यांच्या तिकिटांवरही. पण आमच्या बाजारात लोखंडी परखी पोत्यात खोलवर खुपसून नमुना काढतात. वरची मूठ पाहून जो अख्खी गाडी घेतो त्यास व्यापारी म्हणत नाहीत. सहल हाही गावाचा नमुनाच आहे; तो तळापर्यंतचा असावा, एवढेच मागणे. दुसरा कोणी म्हणेल, आमच्या पेठेत गर्दी, धूळ, हातगाड्या व विजेच्या तारांची जाळी. पाहुण्यांस काय दाखवावे? यावर उत्तर हे की, पाहुणे येणार असले म्हणजेच घर झाडले जाते.

आणि पाहुणे वाढणार आहेत. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरास ‘संगीतनगरी’ म्हणून मान्यता दिली. २०२४ साली किल्ल्याचे नाव जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. सर्व जग दाराशी येईल तेव्हा घरच्यांना स्वतःची ओळख सांगता येऊ नये, हे बरे दिसणार नाही. शिवाय काळ थांबत नाही. दोन फुटी रुळांवरून श्योपूरपर्यंत जाणारी आमची छोटी रेल्वे २०२० साली बंद झाली. ती धावत होती तोवर तिच्यात कौतुकाने बसणारे लष्करकर थोडे होते; बंद झाल्यावर हळहळणारे पुष्कळ निघाले.

यास्तव संघापुढे चार सूचना नम्रपणे ठेवितो. पहिली, संघाने स्वतःची दोन दिवसांची फेरी आखावी. पहिल्या दिवशी सकाळी उरवाई व गोपाचल, दुपारी जयविलास, तिसऱ्या प्रहरी बाडा, सराफा, दौलतगंज व दाल बाजार पायी. आणि सूर्यास्तापूर्वी भोजन, कारण यात्रामंडळींच्या रात्री नऊच्या जेवणाने आमच्या विहीणबाईंस दोन दिवस फळांवर काढावे लागले. दुसऱ्या दिवशी सोनागिरीच्या टेकडीवरील ७७ जिनालयांचे दर्शन, व पुढे दतियाचा वीरसिंह देवांचा सातमजली महाल. दुसरी, सभासदांच्या घरांतील चार मुले व चार मुली यांस ही माहिती मराठीत व हिंदीत सांगण्याचे शिक्षण द्यावे व त्यांस मानधन द्यावे. मात्र लिखित आधाराचे काय आणि ऐकीव काय, हे त्यांनी वेगळे करून सांगावे. हत्तींची गोष्ट हत्तींची म्हणूनच सांगावी. तिसरी, कोणीही सभासदाने जुनी वही, हुंडी वा पत्र रद्दीत देण्यापूर्वी संघाच्या कार्यालयात आणून दाखवावे. तेथे तिची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि मोडी वाचणाऱ्यास बोलावून ती वाचून घ्यावी. चौथी, नवे दुकान बांधताना जुनी जाळी वा कोरीव चौकट शक्य तर नव्या भिंतीत बसवावी. शटर तिच्या मागेही बसते. हे आम्हांस १९९४ साली कोणी सांगितले नाही, म्हणून आज आम्ही सांगत आहो.

ह्या कार्यासाठी आरंभीचा खर्च म्हणून काही रक्कम आम्ही चिटणीसांकडे पोचती केली आहे. रकमेचा आकडा येथे लिहीत नाही. तो संघाच्या वहीत आहे, आणि ती वही कोणी रद्दीत घालणार नाही अशी आशा आहे.

येत्या पौषात विहीणबाई पुन्हा येणार आहेत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आता आमच्यापाशी तयार आहे. या खेपेस उरवाईच्या वळणावर दहा मिनिटे नव्हे, सबंध सकाळ थांबण्याचा आमचा विचार आहे. धाकट्या नातवासही बरोबर नेणार आहो. बोलेल तो, आणि आम्ही ऐकू.

जय जिनेंद्र.