काटापट्टीतला धडा

प्रा. दीपक फाटक १९७१मध्ये मुंबईच्या आयआयटीत रुजू झाले. तिथल्या कंवल रेखी माहिती तंत्रज्ञान संस्थेची धुरा त्यांनी वाहिली, नवउद्योगांसाठी इन्क्युबेटर उभारलं. २०१३मध्ये पद्मश्री मिळाली. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यांचं दूरशिक्षण. देशभरच्या हजारो अभियांत्रिकी प्राध्यापकांना त्यांनी घराजवळच्या केंद्रांवर प्रशिक्षण दिलं. हे लोण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या बाभुळगावपर्यंत यायलाच हवं. इथे कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याच्या काटापट्टीवर वजन, भाव, कपात सगळं असतं. डेटाबेसचा पहिला धडा याहून चांगला कुठला? ती पट्टी, सातबारा आणि बँक खातं जोडून चुकारा वेळेत मिळवून देणारा उद्योग इथल्याच पोरांनी काढावा, आणि तो धडा शिकवणारा मास्तरही यवतमाळ जिल्ह्यातच घडावा.