दगड हलला की पुरावा हलतो

१/
नागपूरजवळील जुनापाणी येथे सुमारे ३०० शिलावर्तुळे आहेत. इ.स.पू. पहिल्या सहस्रकातील, लोखंड वापरणाऱ्या महापाषाण संस्कृतीची ही दफनस्थळे. परिघावरील काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले दिसतात.

२/
वर्तुळाच्या आत माती व दगडगोट्यांचा भराव आणि त्याखाली अस्थी, मृद्भांडी, लोखंडी हत्यारे. माहुरझरीच्या उत्खननात तांब्याच्या अलंकारांसह पुरलेले घोडेही सापडले. मृताला दिलेला हा निरोप विचारपूर्वक दिलेला होता.

३/
मग खळग्यांचा अर्थ काय? रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये या दगडांविषयी लिहिताना युरोपातील तशाच खुणांशी त्यांची तुलना केली. परंतु दगडात खळगा कोरणे ही साधी कृती आहे; ती दूरदूरच्या समाजांत स्वतंत्रपणे उद्भवू शकते. साम्य म्हणजे नाते नव्हे.

४/
अलीकडे मयंक वाहिया व सहकाऱ्यांनी खळग्यांच्या दिशांचा खगोलशास्त्राशी संबंध असू शकतो, असे मांडले. हे गृहीतक पटो वा न पटो, ते तपासण्यासाठी एक अट अनिवार्य आहे : दगड मूळ जागी, मूळ दिशेने असला पाहिजे.

५/
‘दगड संग्रहालयात नेला की सुरक्षित’ हा युक्तिवाद म्हणूनच अपुरा आहे. संग्रहालयात खळगे वाचतात. परंतु ते कोणत्या दफनाच्या कोणत्या बाजूस होते, हे नोंद नसल्यास कायमचे पुसले जाते. पायाभरणीसाठी उचललेल्या दगडाबाबत तर खळगेही उरत नाहीत.

६/
उलट बाजूची सावधगिरीही हवी. जालना जिल्ह्यातील आष्टीच्या शिवारात खळगे असलेला दगड दिसला, तर तो लगेच ‘प्रागैतिहासिक’ ठरत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात वायूच्या बुडबुड्यांनी नैसर्गिक पोकळ्या पडतात; जुनी उखळेही असतात. खळग्यांचा सारखा आकार, त्यांची ओळ आणि भोवतीची दगडांची मांडणी, हे तिन्ही पाहावे.

७/
तेव्हा इतिहासप्रेमी तरुणांनी दगड घरी आणू नये, खडूने वा रंगाने खुणा ठळक करू नयेत, वर्तुळात खणू नये. मोजपट्टीसह छायाचित्र, उत्तर दिशा आणि ठिकाण नोंदवून पुरातत्त्व विभागास कळवावे. ज्यांनी लिपी मागे ठेवली नाही, त्यांची मांडणी हेच त्यांचे लेखन आहे. ते विस्कटण्याचा अधिकार कोणालाही नाही.