भारीट एक की दोन?

रब्बी ज्वारीच्या कणसात दाणा भरला की भारिटांचे थवे फडावर उतरतात. काळ्या डोक्याचे आणि लाल डोक्याचे, कित्येकदा एकाच थव्यात. गोफण फिरवणाऱ्याला दोघे सारखेच, आणि त्याच्यापुरते ते बरोबरच आहे. पण काही हौशी पक्षिनिरीक्षकही म्हणतात, की जात एकच, डोक्याचा रंग तेवढा निराळा. त्यांचे पुरावे दोन: इराणात दोघांचा संकर होतो, आणि माद्या ओळखू येत नाहीत.

दोन्ही गोष्टी खऱ्या. निष्कर्ष मात्र चुकीचा.

काळ्या डोक्याचा भारीट आग्नेय युरोपापासून इराणपर्यंत वीण करतो, लाल डोक्याचा मध्य आशियात. उत्तर इराणात त्यांचे प्रदेश भिडतात, तिथे मिश्र रंगाचे नर आढळतात. जात एकच असती तर ही सरमिसळ दोन्हीकडे दूरवर पसरली असती. तशी ती पसरलेली नाही. बल्गेरियातला नर काळ्याच डोक्याचा, कझाकस्तानातला लालच. शिवाय फरक काय फक्त डोक्याचा आहे? काळ्याची पाठ विटकरी, गळा पिवळाधमक; लालाची पाठ हिरवट नि रेघांची, आणि डोक्याचा तांबडा रंग थेट छातीपर्यंत उतरलेला. हिवाळ्याच्या सुरुवातीला नव्या पिसांच्या फिकट कडा हे सारे झाकतात. कडा झिजल्या की मार्चमध्ये नर कसे उजळतात ते पाहावे आणि मग बोलावे.

राहिल्या माद्या. काळ्याच्या मादीच्या पाठीवर तांबूस झाक असते म्हणतात, लालाच्या मादीवर हिरवट. पण या छटा एकमेकींत इतक्या शिरतात की शेतात उभे राहून खात्री देणे अवघडच. म्हणून जात एक ठरते का? ही आपल्या डोळ्यांची मर्यादा झाली.

हा भेद पुसला तर नोंदींचा अर्थही पुसला जातो. पूर्वी भारतातून लाल डोक्याचे भारीट पिंजऱ्यांसाठी युरोपात जात. त्यामुळे ब्रिटनमध्ये तो दिसला की पिंजऱ्यातून सुटलेला असावा असे मानतात. काळ्या डोक्याचा मात्र वाट चुकलेला रानपक्षी म्हणून तिथल्या यादीत आहे.

तेव्हा नर दिसला तर नाव ठामपणे लिहा. मादी असेल तर ‘काळ्या किंवा लाल डोक्याचा भारीट’ एवढेच लिहा. थव्यात काळे नर जास्त होते म्हणून मादीही काळ्याचीच, असला अंदाज वहीत घालू नका.