ॲपवर तिकीट पाच रुपयांचं होतं का?

गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये आमच्या गल्लीत एक खाला राहतात. बीकेसीतल्या एका ऑफिसात साफसफाईचं काम करतात. सकाळी बसने गोवंडी स्टेशन, मग हार्बर लोकलने कुर्ला, तिथून पुन्हा बस. संध्याकाळी हेच उलट. एकदा स्टॉपवर त्या बटव्यातले सुट्टे पैसे मोजत होत्या. मी शहाणपणा केला. म्हटलं, "खाला, चलो ॲप घ्या ना. बस कुठवर आली ते दिसतं, तिकीटही त्यातच निघतं."

त्या हसल्या. "फोन पोरीकडे असतो, बेटा. तिचा अभ्यास त्याच्यावरच चालतो. आणि ॲपवर तिकीट पाच रुपयांचं होतं का?"

नाही होत. जुलै २०१९ मध्ये बेस्टने पहिल्या पाच किलोमीटरचं भाडं पाच रुपयांवर आणलं, एसी बसचं सहा. मे २०२५ मध्ये त्याचे दहा आणि बारा झाले. 'नुसते पाच रुपये तर वाढले' असं म्हणणाऱ्यांनी खालांचा हिशेब करून बघावा. दिवसाला चार वेळा बस, महिन्याला सव्वीस दिवस. साध्या बसने ५२० रुपये लागायचे, आता १,०४०. एसी बस आली तर १,२४८. साध्या बसची वाट बघत थांबावं, तर उशिरा पोचल्याबद्दल मुकादमाची बोलणी.

मग पास काढा, असा सल्ला मिळतो. अमर्यादित प्रवासाचा दिवसाचा पास ७५ रुपयांचा, महिन्याचा १,८०० चा. दहिसर ते कुलाबा फिरणाऱ्याला तो परवडेल. स्टेशनपर्यंत जाऊन येणाऱ्या बाईला सुटं तिकीटच स्वस्त पडतं. म्हणजे ज्यांचा प्रवास छोटा, त्यांच्या वाट्याला दुप्पट भाडं आलं आणि सवलतीत त्यांना जागाच नाही.

बायकांना अर्धं तिकीट आहे की, असंही कुणी म्हणेल. आहे, पण ते एसटीत, मार्च २०२३ पासून. खाला वर्षातून एकदा गावी जातात तेव्हा त्याचा फायदा होतो. रोजच्या बसला ते लागू नाही. दिल्लीने २०१९ मध्ये आणि कर्नाटकाने २०२३ मध्ये शहरातल्या सरकारी बसही बायकांना मोफत केल्या. मुंबईत मोफत नको, निदान दोन किलोमीटरचा पाच रुपयांचा टप्पा परत द्या. किंवा बस बदलली तरी तासाभरात तेच तिकीट चालू द्या.

पैसे नाहीत, हे उत्तर ठरलेलं असतं. बेस्ट तोट्यात आहे हे खरंच आहे. पण मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता आणि त्यातले बेस्टला हजार कोटी. ज्या शहरात मोटारींसाठी समुद्रात भराव घालून रस्ता होतो, तिथे बसच्या तिकिटावरच काटकसर का सुचते?

आता जरा आपल्याविषयी. मोहल्ल्याच्या बैठकांना मी चार-पाच वर्षं जातोय. कब्रस्तानची जागा, पाणी, गटार, पोलीस या सगळ्यावर तावातावाने बोलणं होतं. बसचा विषय एकदाही निघालेला नाही. बैठकीत बसणारे बहुतेक बाइकवाले. बसमध्ये बसणाऱ्या बायका त्या वेळी घरी पोळ्या लाटत असतात. आपण शिकलेली पोरं यूपीआयने पैसे देतो, नकाशावर बस सरकताना बघतो आणि समजतो, प्रश्न मिटला.

पुढच्या बैठकीत हा हिशेब कागदावर लिहून नेणार आहे. नगरसेवकाकडे द्यायच्या अर्जाचा मसुदाही तयार आहे. खालांना म्हटलं, तुम्हीच मांडा. त्या तयार झाल्या, एक अट घालून. बैठक रात्री नऊच्या आधी ठेवायची नाही, कुर्ल्याला बस मिळायला वेळ लागतो.