विश्लेषण : महागडा, अनुभवी फलंदाज बाहेरून आणावा का? विदर्भाचा हिशेब काय सांगतो?

परतवाडा : थंडी पडली की परतवाडा-अचलपूर या जुळ्या शहरांत टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांचे दिवस येतात आणि मंडळांमध्ये एक वाद हमखास रंगतो. बाहेरगावचा, षटकार मारणारा नावाजलेला खेळाडू पैसे देऊन आणायचा की आपल्याच पोरांवर भरवसा ठेवायचा? तो आणला तर बक्षिसाची शक्यता वाढते. पण वर्गणी भरलेल्या पोरांपैकी एकाला त्या दिवशी सीमारेषेबाहेर बसावे लागते.

हाच वाद मोठ्या रकमांसह आयपीएलमध्ये होतो, अमेरिकेतील बेसबॉलमध्ये दर मोसमात होतो आणि रणजी करंडकातही होतो. विदर्भाने तर गेल्या दशकात हा प्रयोग दोनदा केला, एकदा वसीम जाफरला आणून आणि एकदा करुण नायरला आणून. दोन्ही वेळा करंडक आला. म्हणून ‘बाहेरचा मोठा फलंदाज आणा आणि करंडक जिंका’ असे सूत्र मांडणे सोपे आहे. ते अर्धेच खरे आहे.

हा प्रश्न आताच का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये आयपीएलमध्ये मोठी अदलाबदल झाली. चेन्नई सुपर किंग्सने १८ कोटी रुपयांच्या संजू सॅमसनला राजस्थान रॉयल्सकडून घेतले आणि त्या बदल्यात रवींद्र जडेजा व सॅम करन यांना दिले. सदतिशीला टेकलेल्या जडेजाचे मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आले. वय वाढलेल्या मोठ्या खेळाडूची किंमत नेमकी किती, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली.

विदर्भातही २०२५ हे वर्ष ये-जा करण्याचे ठरले. रणजी करंडक जिंकून दिल्यानंतर करुण नायर कर्नाटकात परतला. अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याकडे गेला. मोकळ्या झालेल्या जागी पुन्हा बाहेरचे नाव आणायचे का, हा प्रश्न विदर्भ क्रिकेट संघटनेसमोर, म्हणजे व्हीसीएसमोर, अशा प्रत्येक हंगामात येतच राहणार आहे.

पाहुणा खेळाडू म्हणजे काय?

रणजीत आयपीएलसारखी अदलाबदल नसते. खेळाडू आपल्या राज्य संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र घेतो आणि दुसऱ्या संघटनेशी करार करतो. अशा खेळाडूला ‘पाहुणा’ किंवा ‘व्यावसायिक’ खेळाडू म्हणतात. एका संघाला असे तीनच खेळाडू खेळवता येतात.

सामन्याचे मानधन बीसीसीआय देते. कराराची वेगळी रक्कम पाहुण्याला बोलावणारी संघटना देते. त्यामुळे ‘महागडा’ हा शब्द ऐकला की सगळ्यांची नजर त्या रकमेकडे जाते. खरी किंमत मात्र दुसरीकडेच मोजली जाते.

खरी किंमत कोण मोजतो?

विदर्भात ११ जिल्हे आहेत आणि मैदानावर ११ खेळाडू उतरतात. तीन पाहुणे घेतले तर ११ जिल्ह्यांसाठी आठच जागा उरतात. परतवाड्याच्या मुलाला सरावासाठी आधी सुमारे ५० किलोमीटरवरील अमरावती गाठावी लागते. तिथून निवडीसाठी आणखी दीडशे किलोमीटरवर नागपूर. त्याच्यासाठी आठ आणि अकरा यांतला फरक मोठा असतो.

हा फरक रुपयांतही मांडता येतो. बीसीसीआयने २०२१ मध्ये ठरवलेल्या दरांनुसार २० पर्यंत सामने खेळलेल्या रणजीपटूला अंतिम अकरात असताना दिवसाला ४० हजार रुपये मिळतात. राखीव खेळाडूला त्याच्या निम्मे. म्हणजे चार दिवसांच्या एका सामन्याचे एक लाख ६० हजार. साखळीतील सात सामन्यांचे ११ लाख २० हजार. संघाबाहेर राहिलेल्याला यातले काहीच नाही. शिवाय सामनेच न खेळलेल्या मुलाकडे आयपीएलच्या निवड चाचण्यांमध्ये दाखवायला धावाही नसतात.

म्हणून पाहुण्याचा हिशेब करताना कराराच्या रकमेत ही जागाही धरायला हवी.

जाफरने विदर्भाला काय दिले?

भरपूर दिले. मुंबईकडून अनेक रणजी करंडक जिंकलेला जाफर २०१५ मध्ये विदर्भाकडे आला तेव्हा ३७ वर्षांचा होता. वय वाढलेल्या खेळाडूचा पहिला धोका लगेच दिसला. दुखापतीमुळे २०१६-१७ चा हंगाम त्याला खेळता आला नाही. व्हीसीएने तरीही कराराचे पैसे दिले. त्याची परतफेड म्हणून पुढचा हंगाम जाफर मानधन न घेता खेळला.

त्याच २०१७-१८ च्या हंगामात विदर्भाने सहा दशकांची प्रतीक्षा संपवली. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीला नऊ गडी राखून हरवले. जाफरने पहिल्या डावात ७८ धावा केल्या आणि विजयी चौकारही त्याच्याच बॅटमधून आला. मार्च २०१८ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याने इराणी करंडकात २८६ धावा काढल्या आणि विदर्भाने सात बाद ८०० वर डाव घोषित केला. २०१८-१९ च्या रणजीत त्याने १,०३७ धावा केल्या. रणजीच्या एका हंगामात दोनदा हजार धावा करणारा तो पहिला फलंदाज ठरला आणि विदर्भाने करंडक राखला.

मग करंडक जाफरमुळेच आला का?

इथे सोपे सूत्र अडते. २०१७-१८ मध्ये विदर्भाच्या सर्वाधिक ९१२ धावा कर्णधार फैज फजलच्या होत्या. कोलकात्यातील उपांत्य सामना विदर्भाने कर्नाटकविरुद्ध अवघ्या पाच धावांनी जिंकला, तो रजनीश गुरबानीच्या १२ बळींमुळे. सिव्हिल इंजिनीअर असलेल्या गुरबानीने अंतिम सामन्यात हॅटट्रिकही घेतली. त्याच सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरेने प्रथम श्रेणी पदार्पण केले. पुढच्या वर्षी सौराष्ट्रविरुद्धच्या अंतिम सामन्यात आदित्य सरवटेने ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत बाद केले.

प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांच्या शिस्तीचाही या यशात मोठा वाटा होता. म्हणजे जाफर आला तेव्हा वीस बळी घेणारी गोलंदाजी विदर्भात तयार होत होती. कमतरता होती ती मोठ्या सामन्यात दिवसभर खेळपट्टीवर उभे राहण्याच्या अनुभवाची. जाफरने ती भरून काढली. गोलंदाजी नसती, तर त्याच्या हजार धावा सामने अनिर्णित ठेवण्यातच खर्ची पडल्या असत्या.

अनुभवाचा फायदा कधीपर्यंत?

जाफर २०१९-२० मध्येही विदर्भाकडून खेळला. रणजीत १५० सामने खेळणारा पहिला खेळाडू तो याच हंगामात झाला. पण त्या वर्षी विदर्भ उपांत्यपूर्व फेरीतही पोहोचला नाही. मार्च २०२० मध्ये जाफर निवृत्त झाला.

यात जाफरचा दोष काढण्याचे कारण नाही. पण अनुभवी खेळाडूचा सर्वोत्तम काळ लहान असतो आणि तो कधी संपेल हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे कराराची मुदत रकमेइतकीच महत्त्वाची ठरते.

करुण नायरच्या प्रयोगात वेगळे काय होते?

कसोटीत त्रिशतक झळकावलेला करुण २०२३-२४ मध्ये विदर्भाकडे आला. त्याचे वय ३१ होते आणि कर्नाटकच्या संघात जागा राहिली नव्हती. दोन हंगामांत विदर्भ दोन्ही वेळा अंतिम सामन्यात पोहोचला. पहिल्यांदा मुंबईकडून हरला, तर २०२४-२५ मध्ये नागपुरात केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर जिंकला. करुणने त्या रणजी हंगामात ८६३ धावा केल्या.

त्या अंतिम सामन्यातील एक भागीदारी लक्षात ठेवण्यासारखी आहे. विदर्भाची अवस्था तीन बाद २४ झाली होती. एका बाजूला २१ वर्षांचा दानिश मालेवार आणि दुसऱ्या बाजूला करुण. दोघांनी २१५ धावा जोडल्या. करुण ८६ वर धावबाद झाला, मालेवारने १५३ केल्या आणि सामनावीराचा मान मिळवला. पाहुण्याकडून नेमके हेच अपेक्षित असते. त्याने धावा कराव्यातच, पण समोरच्या मुलाचा डावही उभा करून द्यावा.

या हंगामातही करुण एकटा नव्हता. यश राठोडने ९६० धावा केल्या. हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातील विक्रम केला. करुण गेल्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवून इराणी करंडक जिंकला. त्या सामन्यात पहिल्या डावात १४३ धावा करणारा अथर्व तायडे अकोल्याचा. मोठे नाव गेल्याने संघ कोसळला नाही, कारण ते नाव असतानाही बाकीचे घडत होते.

बेसबॉलमधून काय शिकता येते?

अमेरिकेत अनुभवी खेळाडूची किंमत अधिक उघडपणे मोजली जाते. तिथे अदलाबदलीत अनेकदा उद्याचे तरुण खेळाडू द्यावे लागतात. १९८७ मध्ये डेट्रॉईटच्या संघाने ३६ वर्षांच्या डॉइल अलेक्झांडर या गोलंदाजाला अटलांटाकडून आणले. त्याने नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही. डेट्रॉईटने आपला गट जिंकला, पण अंतिम फेरी गाठली नाही. बदल्यात दिलेला २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ पुढे अटलांटाचा आधारस्तंभ झाला आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

फटकेबाज अल्बर्ट पुहोल्सचे उदाहरण कराराच्या मुदतीविषयी आहे. एंजल्स संघाने डिसेंबर २०११ मध्ये, तो बत्तिशीला टेकला असताना, त्याच्याशी १० वर्षांचा २४ कोटी डॉलरचा करार केला. त्या काळात संघ बाद फेरीत एकदाच, २०१४ मध्ये गेला आणि तिथेही एकही सामना जिंकला नाही. मे २०२१ मध्ये पुहोल्सला मुक्त करण्यात आले. त्याच्या मोठेपणाविषयी कुणालाच शंका नव्हती. चूक दहा वर्षांच्या मुदतीत होती.

विदर्भ पाहुण्याच्या बदल्यात आपला मुलगा दुसऱ्या संघाला देत नाही. पण त्याची संधी देतो. डेट्रॉईटला आपण काय दिले हे निदान कागदावर दिसत होते. इथे संधी हुकलेल्या मुलाचे नाव कुठेच लिहिले जात नाही.

जागा फक्त बाहेरचाच अडवतो का?

नाही. जितेश शर्माचे उदाहरण समोर आहे. बंगळूरुने त्याला ११ कोटींना घेतले आणि मे २०२५ मध्ये लखनौविरुद्ध त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करत २२८ धावांचे लक्ष्य गाठून दिले. पण विदर्भाच्या रणजी संघात यष्टिरक्षणाची जागा कर्णधार अक्षय वाडकरकडे आहे. ही जागा कुणा पाहुण्याने अडवलेली नाही.

सरवटेची गोष्टही अशीच. विदर्भाला २०१९ चा करंडक जिंकून देणारा हा फिरकीपटू २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध, केरळचा पाहुणा म्हणून उतरला आणि ७९ धावा करून गेला. विदर्भ आता पाहुणे आणणाराही आहे आणि पुरवणाराही. त्यामुळे ‘बाहेरचे नकोतच’ ही भूमिका विदर्भाला परवडणारी नाही. उद्या इथल्याच मुलाला दुसऱ्या राज्याच्या दारात उभे राहावे लागू शकते.

मग आणावा की नाही?

आणावा, पण तीन अटींवर.

पहिली, गोलंदाजी तयार असेल तरच. प्रतिस्पर्ध्याला दोनदा बाद करू न शकणाऱ्या संघाने मोठ्या फलंदाजावर पैसे घालवू नयेत. ती रक्कम अमरावती, अकोला, यवतमाळच्या मैदानांवर चांगल्या खेळपट्ट्या आणि प्रशिक्षक देण्यासाठी वापरावी.

दुसरी, करार दोन हंगामांपेक्षा मोठा नसावा. करुणची दोन वर्षे पुरेशी ठरली. वाढवायचा झाल्यास दरवर्षी नव्याने विचार व्हावा आणि जुन्या उपकारांची भीड त्यात नसावी.

तिसरी, ज्या क्रमांकावर आपला मुलगा दारात उभा आहे तिथे पाहुणा आणू नये. सलामीला १९ वर्षांखालील संघातून धावा करून आलेला फलंदाज असेल तर सलामीसाठी बाहेरचे नाव शोधणे ही उधळपट्टीच, मग तो पाहुणा फुकट खेळायला तयार असला तरी.

हे तपासण्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. पाहुण्याच्या कराराची घोषणा करताना व्हीसीएने दोनच ओळी जास्त द्याव्यात. हा खेळाडू कोणत्या क्रमांकासाठी आणि किती काळासाठी आणला आहे, आणि त्या काळात त्या क्रमांकासाठी विदर्भातले कोणते दोन मुलगे तयार केले जाणार आहेत. दोन वर्षांनी करार संपेल तेव्हा त्या दोन नावांचे काय झाले, हे परतवाड्यात बसलेल्या क्रिकेटप्रेमीलाही विचारता येईल.