रिकाम्या खोक्याचा भाव

अमेरिकेतल्या ऑनलाइन लिलावांत ‘लायोनेल’ कंपनीच्या खेळण्यातल्या जुन्या रेल्वेची नुसती रिकामी खोकीही विकायला ठेवलेली असतात आणि त्यांवर बोली लागते. आत इंजिन नसते, वाघीण नसते. असतो तो साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा नारिंगी-निळा पुठ्ठा. कडा फाटलेल्या नसतील, झाकणाच्या घड्या शाबूत असतील, तर बोली आणखी चढते. हौसेला मोल नसते म्हणून हा प्रकार हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण खोके घेणारा वेडा नसतो. डबा त्याच्याकडे आधीच असतो. बाजारात त्याचे मूळपण मान्य व्हावे म्हणून त्याला खोके हवे असते. या बाजारातला चढा भाव डब्याला मिळत नाही, त्याच्या अस्सलपणाबद्दलच्या खात्रीला मिळतो, असे माझे मत आहे. हे ध्यानात न घेता लिलावातले आकडे वाचणारा हमखास फसतो.

जॉशुआ लायोनेल कोवेन यांनी 1900 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली ही कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात ऐन भरात होती. 1953 पासून तिने 6464 या क्रमांकाच्या मालिकेत बंद वाघिणी काढल्या. अमेरिकेतल्या निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांचे रंग आणि नावे त्यांवर असत. त्या भरपूर खपल्या, म्हणजे आजही भरपूर शिल्लक आहेत. इंटरनेटपूर्वी मात्र हे कोणाला दिसत नव्हते. संग्राहक पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या मेळाव्याला जात, छापील दरपुस्तिका चाळत, आणि आपल्या गावात जी वाघीण दिसली नाही ती दुर्मीळ समजत. 1995 मध्ये ईबे सुरू झाले आणि देशभरातल्या माळ्यांवरचा माल एकाच खिडकीत मांडला गेला. ज्या वाघिणीसाठी कधी वर्षभर शोध चालत असे, तिच्या चार-पाच प्रती एकाच संध्याकाळी विक्रीला दिसू लागल्या. साध्या डब्यांचे भाव बसले यात नवल नाही. ऑनलाइन लिलावाने छंदाची किंमत घालवली अशी तक्रार अजून ऐकू येते. खरे तर आधीचा भावच अज्ञानावर उभा होता.

आता दुसरे टोक पाहा. 1957 मध्ये लायोनेलने खास मुलींसाठी म्हणून एक संच काढला. इंजिन गुलाबी आणि मागचे डबे फिकट पिवळे, निळे, जांभळे. मुलींना खरी दिसणारी गाडीच हवी असावी. संच चालला नाही, कंपनीने लवकरच तो बंद केला, आणि जे खपले नाही तेच पुढे संग्राहकांना हवेहवेसे झाले. इथे कोणी म्हणेल, हा तर सरळ दुर्मिळतेचा भाव आहे, पुराव्याचा काय संबंध? संबंध असा की हे इंजिन घडणीने त्या काळच्या एका साध्या काळ्या इंजिनासारखेच आहे. काळ्यावर गुलाबी रंग चढवणे कसबी माणसाला अवघड नाही. शिवाय 1991 मध्ये कंपनीनेच या संचाची नवी आवृत्ती काढली. म्हणून खरेदीदार रंगाच्या थराखाली दुसरा रंग आहे का, अक्षरांच्या कडा कशा आहेत, चाकांचा सांगाडा त्याच वर्षाचा आहे का, हे तपासतो. दुर्मिळतेचे पैसे जरूर मिळतात, पण ती सिद्ध झाल्यावर. 6464 मालिकेतल्या रंगभेदांनाही हेच लागू पडते. छपाईच्या रंगात जरासा फरक असलेली वाघीण साध्या वाघिणीच्या कितीतरी पट दराने जाते, आणि नेमका तोच फरक घरच्या घरी करून आणणारेही असतात.

या संशयावर उपाय शोधण्याचे प्रयत्न जुनेच आहेत. 1954 मध्ये स्थापन झालेल्या ‘ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन’ने डब्याची स्थिती एक ते दहा अशा श्रेणीत सांगण्याची पद्धत रूढ केली, खोक्यासाठी वेगळी श्रेणी आहे. पण ऑनलाइन लिलावात वस्तू हातात घेता येत नाही आणि श्रेणी ठरवतो विकणाराच. मग विश्वास ठेवायचा तो त्या माणसावर. हा विश्वास पैशांत मोजला गेला आहे. ईबेवर एकसारखी जुनी पोस्टकार्डे एका नावाजलेल्या आणि काही नवख्या खात्यांवरून विकून पाहणारा एक प्रयोग 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. नावाजलेल्या विक्रेत्याला खरेदीदार सुमारे आठ टक्के जास्त द्यायला तयार होते. पोस्टकार्डात फसवायला जागा ती किती! रंगवलेल्या डब्यांच्या बाजारात खात्रीचे मोल त्याहून कमी असेल असे मला वाटत नाही.

बाजार हाच अंतिम न्यायाधीश, जो भाव मिळाला तो खरा, असाही युक्तिवाद होतो. तो ऐकायला रोखठोक वाटतो, पण लिलाव चालतो कसा ते पाहा. एकाने कमाल मर्यादा 300 डॉलर ठेवली आणि दुसऱ्याने 90, तर वस्तू 91 डॉलरला जाते. म्हणजे आकडा ठरवला हरलेल्या माणसाने. तो त्या संध्याकाळी दुसऱ्या कामात असता तर भाव आणखी खाली आला असता; त्याच्यासारखाच हट्टी तिसरा भेटला असता तर कुठल्या कुठे गेला असता. एका विक्रीवरून भाव ठरवणे म्हणूनच चूक आहे. त्यातच घासाघीस करून झालेल्या विक्रीत मूळ मागणी खोडलेली दिसते, प्रत्यक्ष ठरलेली रक्कम दिसतच नाही.

राहिला वयाचा मुद्दा. 1950 च्या दशकात या गाड्या खेळलेली पिढी आता ऐंशीच्या आसपास आहे, घेणारे घटत आहेत आणि वारसदार विकायला काढत आहेत. हे कारण खरे आहे. पण ते बाजाराची एकूण उतरती दिशा सांगते. एकाच क्रमांकाच्या दोन वाघिणींपैकी एक कवडीमोल आणि दुसरी महाग का जाते, हे त्यातून कळत नाही. पुराव्याला भाव आला की खोटा पुरावाही येतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. नवी छापलेली खोकी उघड विकली जातात आणि कुठल्या तरी डब्याला कुठले तरी जुने खोके जोडून मूळ जोडी म्हणून खपवता येते. हा धोका मी नाकारत नाही. मात्र त्यामुळे माझा मुद्दा पक्काच होतो, कारण ज्याला किंमत नाही त्याची नक्कल कोणी करत नाही.

आपल्याकडे खेळण्यातल्या रेल्वेचा एवढा बाजार नाही, पण जुन्या नाण्या-नोटांचा आहे. घरातल्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील अशा बातम्या बहुधा विकणाऱ्याने मागितलेल्या रकमेवर उभ्या असतात. ती कोणी दिली का, हे त्यांत नसते. तेव्हा आधी झालेल्या विक्रीच्या अनेक नोंदी पाहा, आणि आपल्या वस्तूचे अस्सलपण कशावरून सिद्ध होईल हे विचारा. विक्रीआधी कोणी शुल्क वा कमिशन मागत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून असे पैसे उकळले जात असल्याचा इशारा खुद्द बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये दिला आहे: ती असे व्यवहार करत नाही आणि त्यासाठी कोणाला अधिकारही देत नाही.