टोकियोहून काय आणावे?

देशाटनाने माणूस शहाणा होतो, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु जपानला जाऊन आलेल्या मंडळींची वर्णने ऐकली की मला या समजुतीविषयी शंका येऊ लागते. टोकियोत पाच-सहा दिवस राहून आलेला मनुष्य बहुधा एकच गोष्ट सांगतो. तिथे गाडी ठरल्या क्षणी येते, माणसे मुकाट्याने रांगेत उभी राहतात, रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही. मग एक सुस्कारा सोडून तो म्हणतो, "आपल्या लोकांना शिस्तच नाही!" ऐकणारे माना डोलावतात आणि विषय तिथेच संपतो.

मी टोकियो पाहिलेले नाही. मी कळव्याच्या स्थानकावरून रोज लोकलने कॉलेजला येते. 'शिस्त नाही' हे निदान ज्यांच्यावर केले जाते, त्यांच्यापैकीच मी एक. म्हणूनच ते निदान तपासून पाहण्याचा मला अधिकार आहे, असे मला वाटते.

पहिला प्रश्न असा की, ही शिस्त जपानी माणसाच्या रक्तातच आहे काय? मुंबईची पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी खाडी ओलांडून ती कळव्यावरून कल्याणपर्यंत गेली. जपानची पहिली रेल्वे टोकियोतील शिम्बाशी ते योकोहामा अशी धावली, ती 1872 साली. म्हणजे आगगाडीची शिट्टी कळव्याने टोकियोच्या अठरा वर्षे आधी ऐकली! उशिरा सुरुवात करणारे शहर पुढे गेले, तर त्याचे कारण रक्तात नव्हे, अन्यत्र शोधले पाहिजे.

ते कारण प्रवाशाच्या छायाचित्रात येत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी टोकियोच्या लोकल गाड्याही आपल्यासारख्याच खच्चून भरत. प्रवाशांना आत रेटण्यासाठी हातमोजे घातलेली माणसे फलाटावर नेमलेली असत. 3 मे 1962 रोजी टोकियोतल्या मिकावाशिमा स्थानकाजवळ गाड्यांची टक्कर झाली. घाबरून रुळांवर उतरलेल्या प्रवाशांवर आणखी एक गाडी आली आणि 160 माणसे मेली. त्यानंतर तेथील रेल्वेने 'प्रवासी रुळांवर का उतरले?' एवढेच विचारून फाईल बंद केली नाही. सिग्नल ओलांडला तर गाडी आपोआप थांबेल, अशी यंत्रणा 1966 पर्यंत आपल्या साऱ्या मार्गांवर बसवली. त्याच दशकात टोकियोकडे येणाऱ्या पाच प्रमुख दिशांच्या मार्गांवर जादा रूळ टाकण्याची मोठी योजना हाती घेतली. आज शिंजुकू या एका स्थानकातून दिवसाला तीस लाखांहून अधिक माणसे ये-जा करतात. तरी तिथे रांग टिकते, कारण ही गाडी गेली तरी दुसरी लगेच येणार, याची रांगेतल्या माणसाला खात्री असते.

आता इकडे पाहा. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2008 मध्ये मंजूर झाली आणि सुरू झाली फेब्रुवारी 2022 मध्ये. अंतर जेमतेम नऊ किलोमीटरचे! कळव्याला सकाळची गाडी येते ती मागच्या स्थानकांवरच भरून. दारातला माणूस हौसेने लटकत नाही; आत जागा नसते आणि हजेरीची वेळ टळत असते. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींशेजारून जात असताना दारातले प्रवासी खाली पडले, काहींचे प्राण गेले. त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा झाली. शिस्तीचे प्रवचन शंभर वर्षे दिले तरी जे झाले नसते, ते एका दरवाजाने होऊ शकते.

म्हणून आपण सारे निर्दोष आहोत, असे मी म्हणत नाही. गाडीत थुंकणाऱ्याला किंवा म्हातारीला ढकलून चढणाऱ्याला रुळांची उणीव हे निमित्त होऊ शकत नाही. पण शिस्त ही व्यवस्थेच्या पाठोपाठ येते, तिच्या ऐवजी येत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

टोकियोकडे पाहावे कसे, याचा धडा महाराष्ट्रात पूर्वीच दिला गेला आहे. टोकियोत 1901 साली स्थापन झालेल्या महिला विद्यापीठाचे एक माहितीपत्रक महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आले. ते वाचून 'आपल्याकडे बायकांना शिकायची हौसच नाही' असा सुस्कारा त्यांनी सोडला नाही. डिसेंबर 1915 मध्ये सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली आणि 1916 मध्ये ते सुरूही केले. शिक्षणाचे माध्यम ठेवले मातृभाषा. पुढे त्यालाच श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. अण्णांनी प्रत्यक्ष टोकियो पाहिले ते 1929-30 च्या जगप्रवासात, वयाची सत्तरी उलटल्यावर. म्हणजे टोकियोहून आणायचे ते त्यांनी तिथे पाऊल ठेवण्याच्या चौदा वर्षे आधीच आणले होते! माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, त्यामुळे त्या माहितीपत्रकाचे मोल मला कोणत्याही छायाचित्रापेक्षा अधिक वाटते.

जपानच्या साहाय्याने मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या कामाची पायाभरणी 2017 मध्ये झाली. तिचा मार्ग ठाण्याच्या खाडीखालून, आमच्या जवळूनच जातो. गाडी तर आपण आणू. पण अपघातानंतर 'कोण चुकले?' याबरोबरच 'काय बदलावे?' हे विचारण्याची सवय आणणार का?

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या नोकरीसाठी, शिक्षणासाठी टोकियोला जातील. जरूर जा. फुललेली चेरी पाहा, छायाचित्रे काढा. पण तिथली स्वच्छ रांग पाहून परत आलात, तर आम्हाला आमचे दोष ऐकवू नका. ती रांग कोणी, किती वर्षांत आणि कोणत्या खर्चाने उभी केली, ते सांगा. ते ऐकायला कळव्याच्या फलाटावरची माणसे गाडी सोडूनही थांबतील.